रामपत्रीच्या राईतील इंटर्नशिप : प्रकल्प नोंदी (डिसेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५)

ठिकाण : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील एक देवराई, तिच्यातून वाहणारा व्हाळ (ओढा) आणि भोवतीच्या काजूबागा. गावाचे नाव नोंदींत कुठेही घातलेले नाही. इथे महाधनेश या मोठ्या पक्ष्याचे घरटे आहे आणि रामपत्रीला, म्हणजे जायफळाच्या कुळातल्या रानझाडाला, बाजारात भाव आहे. दोन्हींची वाट बाहेर फुटायला नको.

५ डिसेंबर २०२४

अर्जांची छाननी संपली. पाच जागांपैकी तीन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आणि दोन गावातल्या मुलांना द्यायच्या, हे सुरुवातीलाच ठरवले होते. पुण्याहून एमएस्सीची एक विद्यार्थिनी, सावंतवाडीचे दोघे बीएस्सीचे. गावातून बारावी झालेली एक मुलगी आणि काजूच्या कारखान्यात हंगामी कामाला जाणारा एक मुलगा. मानधन पाचही जणांना सारखेच.

या शेवटच्या मुद्द्यावर सल्लागार मंडळींशी बरेच बोलणे झाले. "गावातल्या मुलांना रोजंदारीवर गाइड म्हणून घ्या, इंटर्न कशाला म्हणता?" असा त्यांचा सूर होता. मला हे अजिबात पटत नाही. रोजंदारीवरचा माणूस वाट दाखवतो आणि संध्याकाळी घरी जातो. इंटर्नच्या हातात डेटाशीट असते, तो प्रश्न विचारतो, अहवालावर त्याचे नाव येते. शिवाय बिनपगारी इंटर्नशिप फक्त घरून पैसे आणू शकणाऱ्यालाच परवडते. विद्यार्थ्यांकडूनच फी घेऊन जंगलात "संशोधनाचा अनुभव" देणाऱ्या जाहिराती हल्ली बघते. राबायचे विद्यार्थ्याने आणि पैसेही भरायचे त्यानेच! ज्याच्या घरामागे जंगल आहे, तो अशा रचनेत कधी आतच येत नाही.

अरुणाचलमधल्या पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात निशी समाजातली माणसे गेली दहा-बारा वर्षे मानधन घेऊन धनेशांची घरटी राखतात आणि त्यांच्या नोंदीही ठेवतात. एके काळी शिकार होत असलेल्या भागात ते काम टिकले आहे. आपल्याकडे का टिकू नये?

११ डिसेंबर

देवस्थानची परवानगी. मानकरी, गुरव आणि गावातली दहाबारा मंडळी जमली. कौल लावला. गाऱ्हाणे घातले तेव्हा पुण्याची विद्यार्थिनीही सगळ्यांबरोबर "व्हय महाराजा" म्हणाली. मंडळींना ते आवडलेले दिसले.

अटी दोन. चपला राईबाहेर काढायच्या. दुसरी अट गुरव आबांनी सांगितली : "काम करा, पण झाडाक खिळो मारूचो नाय. देवाक लागता."

वनखात्याची परवानगी आधीच हातात आहे. राई खात्याच्या हद्दीत नसली तरी कॅमेरा ट्रॅप लावायचे तर वनरक्षकाला ठाऊक असलेलेच बरे. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्राची प्रत दिली.

१४ डिसेंबर

पहिला दिवस वर्गातच घालवला. माकडतापावर, म्हणजे गोचिडींच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले आरोग्य सेवक बोलले. २०१६ मध्ये याच तालुक्यातल्या केर गावात साथ आली होती आणि पुढे ती आसपासच्या गावांतही पसरली. गोचिडींचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या कामाचा. लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, प्रतिबंधक तेल, पानगळीवर बसायचे नाही, घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि सगळे अंग तपासणे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता लगेच कळवायचे. ताप आला तर "वातावरण बदलले" म्हणत घरी बसायचे नाही.

गावातल्या मुलाच्या चुलत्याला तेव्हा माकडताप झाला होता. मुलाने जे सांगितले ते ऐकल्यावर मोजे न घालणारे कोणी उरले नाही.

२० डिसेंबर

खिळ्याशिवाय झाडांना क्रमांक कसे द्यायचे? एरवी अ‍ॅल्युमिनियमचा बिल्ला अ‍ॅल्युमिनियमच्याच खिळ्याने ठोकतात. इथे ते नाही. दोरीने बांधला तर झाड जाडावते तशी दोरी सालीत रुतते. जीपीएस या दाट छताखाली बरेच मीटर चुकते, आणि व्हाळाकाठी रामपत्रीची झाडे एकमेकांना खेटून उभी आहेत.

शेवटी जुनीच रीत वापरली. देवळाच्या दीपमाळेपासून व्हाळाच्या कडेने एक आधाररेषा धरली आणि प्रत्येक झाडाचे अंतर व दिशा टेप-कंपासने घेतली. सोबत मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढला. गावातल्या मुलीने त्यावर तिच्या ओळखीच्या खुणा घातल्या : वाकडा कोकम, वारुळ, दोन दगडांमधली धोंड, जिथे गुरे पाणी पितात ती जागा. आता नवा माणूस नकाशा हातात धरून कुठल्याही झाडापाशी बिनचूक पोचतो. बिल्ल्यांपेक्षा हे मला जास्त भरवशाचे वाटते.

घेर मोजताना सावंतवाडीच्या एका विद्यार्थ्याने चांगला प्रश्न काढला. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर टेप लावायची असे पुस्तक सांगते. पण चिखलातल्या झाडाला त्या उंचीपर्यंत आधारमुळेच आहेत, तिथे टेप कशी लावणार? अशा वेळी मुळे संपतात त्याच्या वर मोजायचे आणि मोजलेली उंची शेजारी लिहायची. ही उंची लिहिली नाही, तर पुढच्या वर्षीचा माणूस वेगळ्या जागी टेप लावेल आणि झाड "बारीक झाले" असा निष्कर्ष निघेल.

९ जानेवारी २०२५

रामपत्री मोहोरली आहे. फुले अगदी बारीक, कुपीच्या आकाराची, पानांच्या बगलेत. खालून दुर्बिणीतूनही नीट दिसत नाहीत. म्हणून झाडाखाली पांढरे कापड अंथरले आणि सकाळी त्यावर पडलेली फुले वेचली.

जायफळाच्या कुळात नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फूल ब्लेडने उभे चिरले की कळते. नर फुलात मधोमध पुंकेसरांचा एक दांडा असतो, मादी फुलात तळाशी फुगीर बीजांडकोश. विद्यार्थ्यांनी पाटावर फुले चिरून भिंगाखाली लावली. पुण्याच्या विद्यार्थिनीने दोन्हींची चित्रे वहीत काढली. चित्रे इतकी स्वच्छ आहेत की डेटाशीटच्या मागच्या बाजूला तीच छापणार आहे.

एका मोठ्या झाडाखाली फुले पुरेशी मिळाली नाहीत, म्हणून रकाना मोकळा ठेवत होते. गावातली मुलगी म्हणाली, "ताई, ह्या झाड नर. हेका कधी फळ धरला नाय. आमी ल्हानपणापासून हय खेळतंव." तिचे म्हणणे शेऱ्याच्या रकान्यात तिच्या नावासह लिहिले. फुलाचा पुरावा मिळेल तेव्हा पडताळू.

हे नर-मादी प्रकरण मुलांनी नीट समजून घ्यावे असा माझा आग्रह आहे. राईत रामपत्रीची झाडे पुष्कळ दिसली तरी फळणारी त्यांतली थोडीच. एक मोठी मादी पडली तर नुकसान एका झाडापुरते राहत नाही. आणि एखाद्या राईत मादीच उरल्या, जवळपास नर नसला, तर मोहोर येईल पण फळ धरणार नाही.

२१ जानेवारी

याच तालुक्यातल्या बांबर्ड्याला जाऊन आलो. तिथल्या देवराईत मायरिस्टिका मॅग्निफिका या, जायफळाच्याच कुळातल्या झाडांची दलदल आहे. आजवर ठाऊक असलेल्यांत उत्तरेकडच्या टोकाच्या दलदलींपैकी एक. क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. राज्य सरकारने ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले आहे. चिखलातून वर येऊन पुन्हा खाली वाकलेली गुडघ्यासारखी मुळे मुलांनी पहिल्यांदा पाहिली. मुळाभोवती कायम पाणी साचलेले असल्याने झाड अशा मुळांवाटे हवा घेते.

पश्चिम घाटातल्या अशा बहुतेक दलदली पूर्वीच भातशेतीखाली आणि कुळागरांखाली (माड-पोफळींच्या बागांखाली) गेल्या. सपाट जागा आणि बारमाही पाणी माणसालाही हवेच असते. जिथे देव बसला तिथेच त्या राहिल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून नोंदल्या, तेव्हा गावोगावच्या रूढीनेच ही जंगले राखली आहेत हे त्यांनी ठामपणे मांडले होते. परतताना गाडीत यावर बरीच चर्चा झाली.

२ फेब्रुवारी

घरटे नक्की झाले. राईच्या वरच्या अंगाला, खासगी बागेतल्या जुन्या बेहड्यावर. महाधनेशाची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपते आहे. स्वतःची विष्ठा आणि फळांचा गर यांचा लेप. चोच बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी ठेवते. आता पुढचे काही महिने तिला आणि पिल्लाला नर भरवणार.

बागेचे मालक भाऊ हे गावातल्या इंटर्न मुलाचे काका. ते म्हणाले, "ह्या गरुडाचा घर माझ्या आज्याच्या वेळेपासून हय आसा." (इथे महाधनेशाला गरुड म्हणतात.) आसपासच्या उतारांवर रबर आणि अननस आले तेव्हा अशी कितीतरी मोठी झाडे गेली. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने तालुक्यात वृक्षतोडीवर बंदी घातली, पण ढोली धरणारे झाड उभे राहायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, आत कुजून, जी पोकळी तयार होते तीच त्याची. त्यामुळे एक बेहडा गेला की ती जोडी दुसरीकडे जाईल असे गृहीत धरता येत नाही.

घरट्याचे नियम : लांबून, कुडाच्या आडोशातून बघायचे. एका वेळी दोघेच. मोबाईल बंद. घरट्याचा फोटो विणीचा हंगाम संपेपर्यंत कोणालाही पाठवायचा नाही, घरच्यांनाही नाही. फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असते आणि एकदा वाट फुटली की दर रविवारी झाडाखाली गर्दी. नर भरवायला येताना बिचकला तर आत दोन जीव उपाशी राहतात.

१९ फेब्रुवारी

पहाटेची पाळी रद्द केली. हत्ती खालच्या कुळागरात आहेत. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती पहिल्यांदा या तालुक्यात उतरले. गावातली ही दोन्ही मुले त्यानंतरची. माडाची झावळी मोडल्याचा आवाज कुठून आला यावरून हत्ती कुठल्या बाजूला चालला आहे हे ती सांगतात. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना हत्तीचे कौतुक वाटते, पण ज्याच्या पोफळी रात्रीत आडव्या झाल्या त्याच्या घरी आज सगळे जाऊन बसले. पंचनामा कसा होतो, भरपाई कधी मिळते, त्यात माडाला काय धरतात, हेही संवर्धनाचेच शिक्षण आहे. सावंतवाडीच्या मुलीने अर्ज लिहायला मदत केली.

४ मार्च

फिनॉलॉजीची फेरी, म्हणजे कुठल्या झाडाला कधी पालवी, मोहोर, फळे येतात याची नोंद. प्रत्येक झाडाला पालवी, मोहोर, कच्ची फळे, पिकलेली फळे यांसाठी शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे छताच्या पाव भागापर्यंत, चार म्हणजे पाऊण भागाच्या वर. दोघांनी एकमेकांना न दाखवता गुण द्यायचे आणि मग ताळा करायचा. सुरुवातीला पुण्याची विद्यार्थिनी नेहमी एक गुण जास्त देत होती, गावातला मुलगा एक कमी. आता दोघांचे बहुतेक जुळते. ज्या झाडावर जुळत नाही तिथे दोन्ही आकडे ठेवतो, सरासरी काढत नाही.

हे काम कंटाळवाणे आहे. पट्टेदार वाघाचे ठसे शोधायला जायचे का, असे विचारून झाले. तिलारीचे खोरे वाघांच्या वाटेवर आहे म्हणूनच २०२० मध्ये तिथले २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झाले, त्यामुळे मुलांची उत्सुकता समजू शकते. पण वाघ ज्या जंगलातून जातो ते जंगल कशावर उभे आहे, हे अशा फेऱ्यांतूनच कळते. कुठल्या महिन्यात कुठले झाड फळते आणि कुठल्या महिन्यात कोणीच फळत नाही, ही माहिती एका वर्षात मिळत नाही. आणि एक फेरी चुकली तर ती पुन्हा घेता येत नाही.

१८ मार्च

शिमग्यामुळे गावात कामाला सुट्टी होती, घरट्याला नव्हती. पाळी गावातल्या दोघांनी आपसात वाटून घेतली. पालखी घरी येणार त्या दिवशी कोणी कुठे थांबायचे हे त्यांनीच ठरवले.

बेहड्याखालचा बियांचा सडा चाळला. नर फळे गिळून आणतो, घशातून एकेक काढून फटीतून आत देतो. बिया उलटून बाहेर पडतात. वाटीभर माल वर्तमानपत्रावर पसरला : काजऱ्याच्या चपट्या, रेशमी लव असलेल्या चकत्या, धूपाच्या टणक कोयी, रानजायफळाच्या बिया, त्यांच्यावरची लाल पत्री (बीभोवतीचे आवरण) सफाईने उतरलेली. वड-उंबरांच्या बिया इतक्या बारीक की विष्ठा पाण्यात कालवून मलमलीतून गाळावी लागली. काजरा माणसाला विषारी, पण धनेश त्याचे फळ खातो, यावर मुलांचा विश्वास बसायला ही चकती हातात यावी लागली.

शेकरूने खाल्लेली बी शेजारी ठेवून फरक दाखवला. शेकरू दातांनी पोखरते, बी संपते. धनेशाच्या पोटातून आलेली बी अखंड असते, आणि ती झाडापासून लांब कुठेतरी पडते. रामपत्रीसारख्या मोठ्या बियांना इतक्या दूर नेणारे पक्षी या जंगलात फार थोडे आहेत.

७ एप्रिल

महाविद्यालयीन तिघेही परीक्षांसाठी गेले. मेच्या मध्यापर्यंत येणार नाहीत. इंटर्नशिपचे वेळापत्रक बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या सुट्ट्यांवर बेतलेले असते, आणि धनेशाचे पिल्लू, रामपत्रीचे फळ, व्हाळाचे आटणे या तिन्ही गोष्टी नेमक्या परीक्षेच्या काळात येतात. गावातले दोघे नसते तर एप्रिलचा रकाना कोरा राहिला असता. त्यांनी एकही फेरी चुकवली नाही. मुलाने कारखान्यातले हंगामी काम यंदा सोडले होते, कारण मानधनातून तेवढे घरात येत होते. सल्लागारांना पाठवायच्या पत्रात हे ठळक लिहिले.

१६ एप्रिल

राईच्या टोकाला रामपत्रीच्या ताज्या तोडलेल्या फांद्या. फळे कच्चीच होती. पिकून फुटायची वाट पाहिली तर माकडे आणि पक्षी नेतील, म्हणून फांदीसकट उतरवतात. मसाल्यात आणि औषधात जाणारी पत्री अशाने हलक्या प्रतीची मिळते आणि पुढच्या वर्षीची फांदीही जाते. मानकऱ्यांना कळवले. गावात बैठक झाली. बाहेरच्यांना बंदी, आणि गावातल्यांनी जमिनीवर पडलेलीच फळे घ्यायची असे ठरले. आम्ही त्यात बोललो नाही. नियम गावाने करावा आणि गावाने राखावा.

व्हाळाची पातळी रोवलेल्या काठीवर रोज बघतो आहोत. रात्री ती उतरते, सकाळी थोडी चढते. वर कुठेतरी पंप चालतो. कोणाचा हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पोफळींनाही उन्हाळा काढायचा आहे, तेव्हा वाद नको, आधी आकडे जमू देत.

४ मे

मादी बाहेर आली. पिल्लाने आतून फट पुन्हा लिंपून घेतली. महाधनेशात असे होते हे वाचले होते, पण मुलाने डेटाशीटवर वेळेसकट लिहिले आहे : फट मोठी झाली, मादी फांदीवर, पंख आखडल्यासारखे, दुपारपर्यंत आतून चोच हलताना दिसली, फट लहान झाली. आता नर-मादी दोघेही भरवतात. शीट वाचून पुण्याच्या विद्यार्थिनीने परीक्षेच्या आदल्या रात्री फोन केला.

२६ मे

पाऊस आला. काल मोसमी वारे तळकोकणात पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले, नेहमीपेक्षा बरेच आधी. त्याआधीच काही दिवस सरींनी झोडपले होते. मच्छरदाणीच्या कापडाचे बीज-सापळे पाण्याने भरून फाटले. जे वाचले ते उतरवून, बिया मोजून, घरात आणले. पिल्लू वादळाआधी उडाले होते.

रामपत्रीचे फळ आता फुटते आहे. लवदार तपकिरी कवच दोन भागांत उघडते आणि आत बीला बिलगलेली, बोटांसारखी चिरलेली केशरी-लाल पत्री. ही बी वाळवून ठेवता येत नाही. सुकली की मेली. म्हणून आणल्या दिवशीच रोपवाटिकेत, ओलसर मातीत, सावलीत. फक्त सापळ्यांतल्या आणि धनेशाच्या बैठकीखालच्या बिया घेतल्या, त्याही देवस्थानला सांगून. दोन वेगळ्या वाफ्यांत लावल्या. पक्ष्याने पत्री उतरवलेल्या एका बाजूला, पत्रीसकट पडलेल्या दुसऱ्या बाजूला. रुजण्यात फरक पडतो का ते दिसेल.

२९ जून

जळवा. मिठाची पुरचुंडी प्रत्येकाच्या कमरेला. वहीच्या कागदावर काहीच टिकत नाही म्हणून पेन्सिल आणि प्लास्टिकची पाटी. कॅमेरा ट्रॅपमध्ये मुंग्यांनी घर केले होते, दोन कार्डे मात्र शाबूत. साळिंदर, गवा, पिसोरी.

२० जुलै

वाफ्यांत पहिले कोंब. पत्री उतरवलेल्या बाजूला आधी आणि जास्त. एवढ्याशा बियांवरून ठाम काही म्हणायचे नाही असे मुलांना बजावले, तरी आनंद लपत नव्हता. माझाही.

१५ ऑगस्ट

ग्रामसभेत निष्कर्ष मांडले. बोलायचे काम गावातल्या मुलीने केले, मालवणीतून. व्हाळाच्या पातळीचा आलेख तिने खडूने फळ्यावर काढला. मागून एक आवाज : "ह्या सगळ्याचो गावाक फायदो काय?" तिने आलेखावरचा एप्रिल दाखवला आणि सांगितले, राईच्या खालच्या विहिरीला तेव्हा पाणी होते, वरच्या वाडीच्या विहिरीला नव्हते. कारण आम्ही अजून शोधतो आहोत, पण पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही विहिरी मोजायच्या आहेत आणि त्यासाठी वाडीतून एक माणूस हवा. तीन हात वर झाले. पंपवाले काका सभेला होते. गणपती झाल्यावर पंपाच्या वेळांविषयी बसू म्हणाले.

झाडांची यादी, नर-मादीच्या नोंदी आणि हाताने काढलेला नकाशा लोकजैवविविधता नोंदवहीत जोडण्यासाठी समितीला दिला. घरट्याची जागा त्यात नाही. त्या मोठ्या झाडाचा रकाना अजून अपुरा आहे. फळ यंदाही धरले नाही, पण नर फूल हातात आल्याशिवाय "नर" लिहिणार नाही.

२२ ऑगस्ट

पुढच्या तुकडीचे ठरले. अर्ज मराठीत भरता येईल. गावातल्या जागा दोनाच्या तीन. नव्या इंटर्नना नकाशावरून झाडे ओळखायला आणि गुण द्यायला गावातले दोघे शिकवतील, आणि त्या कामाचे मानधन वेगळे. अहवालावर पाचही जणांची नावे आडनावाच्या अकारविल्ह्याने येतील. सल्लागारांपैकी एकाने यावर पुन्हा हरकत घेतली आहे. त्यांना एप्रिल आणि मेच्या डेटाशीट पाठवल्या. सोमवारी बोलणार आहेत.